'मास शूटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

कनेक्टिकटकर
मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. सुरुवातच सँडी हुकची आहे. १४ डिसेंबर २०१२, कनेक्टिकटमधल्या न्यूटाऊनची शाळा, २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. मी लिहिलं 'सामूहिक गोळीबार'. मसुदा वाचून साताऱ्याहून आईचा फोन आला, "किती जण होते गं गोळ्या झाडणारे?" एकच होता, वीस वर्षांचा. तेव्हापासून अडलेय. वर्तमानपत्रांतला 'बेछूट गोळीबार' चालेल?

शब्दवेडा
आईंचं बरोबर आहे. सामूहिक रजा, सामूहिक कॉपी, सामूहिक बलात्कार. सगळीकडे समूह हा करणारा.

जुना वाचक
मग 'सामूहिक हत्याकांड' कसं चालतं? तिथे तर समूह मरणाऱ्यांचा. रूढ झालं की अर्थ आपोआप कळतो.

शब्दवेडा
रूढ झालं म्हणून बरोबर होत नाही. आणि 'बेछूट'ही नको. बेछूट म्हणजे दिसेल तिकडे. तो वर्गांत शिरला, समोर पहिलीतली मुलं होती. पाच मिनिटांच्या आत रायफलीच्या १५४ गोळ्या झाडल्या. त्याला बेछूट म्हटलं की हात सुटल्यासारखं वाटतं. मला तो शब्द सहन होत नाही.

पैठणकर
'बेछूट' मुळातच कोडं आहे. छूट म्हणजे मोकळीक, मग बे-छूट म्हणजे मोकळीक नसलेला हवा. अर्थ नेमका उलटा!

जुना वाचक
तिथला 'बे' नकाराचा नसावा. असो. लेखात 'गन कंट्रोल'ला काय केलंत? 'बंदूकबंदी' हा सुटसुटीत शब्द आहे.

मेलबर्नवासी
कृपा करून तो लिहू नका. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला १९९६ साली ३५ माणसं मारली गेल्यावर इथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध आणले. पण शेतकऱ्यांकडे आजही परवान्याच्या बंदुका आहेत. 'बंदी' म्हटलं की वाद तिथेच विझतो.

सावंतवाडीकर
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. दारू, काथ्याचा बोळा, छरे, परत बोळा, मग गजाने ठासायचं. एक बार काढला की सगळं पहिल्यापासून. निवडणूक लागली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करून यायचे, पावती देव्हाऱ्यामागे. त्याला घरात कुणी बंदी म्हटलं नाही.

शब्दवेडा
अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ची, तेव्हाच्या बंदुका बहुतेक अशाच एकेक बार काढायच्या. आणि तिथल्या 'वेल रेग्युलेटेड मिलिशिया'तल्या (मिलिशिया म्हणजे नागरिकांची फौज) 'वेल रेग्युलेटेड'ला आपला नेमका शब्द आहे: कवायती. महादजींची कवायती फौज आठवा.

जुना वाचक
'सुनियंत्रित' का नको? नियंत्रणाचा मुद्दा त्यातच आहे.

शब्दवेडा
तो आजचा अर्थ मागे नेणं झालं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २००८च्या हेलर खटल्यात न्या. स्कालिया यांनी शिस्त आणि प्रशिक्षण असाच अर्थ घेतला. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. ते लोक विसरतात.

कनेक्टिकटकर
'कवायती' घेतेय, आभार. पण पहिल्या ओळीचं काय? माझी मुलगी पहिलीत आहे. गोळीबार झालाच तर म्हणून शाळेत दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करून येते. तो शब्द मला खोटा लिहायचा नाहीये.

पैठणकर
'एकाने केलेलं हत्याकांड' असं सरळ लिहा.

शब्दवेडा
मग जे वाचले, जखमी झाले, ते त्यात बसत नाहीत.

पैठणकर
खरं आहे. सावंतवाडीकर, हा 'बार' फारसीतला का? ओझं, भार या अर्थाचा?

सावंतवाडीकर
ते ठाऊक नाही. आजी 'बार भरलो' म्हणायची, आणि आम्हा पोरांना माजघरात घ्यायची.