आठ बाय नऊची खोली, बाहेर अडीच फुटांचा बोळ, हॉट-कोल्ड एसीचं आउटडोअर टांगायचं कुठं?

बोळकरी (सातारा)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, दगडमातीच्या दोन फुटी भिंती, वर माळवद काढून नंतर टाकलेला स्लॅब. वाटण्या झाल्यावर आमच्या वाट्याला जे आलं त्यात आईची खोली म्हणजे पूर्वीची कोठीची खोली, ८ बाय ९, उंची ९ फूट. आईला संधिवात, थंडीत गुडघे धरतात, नोव्हेंबर लागला की रात्री झोप नाही, आणि एप्रिल-मेत त्याच खोलीची भट्टी होते. मागच्या वर्षीपर्यंत शेगडी पेटवून ठेवायची, ती मी आता बंद केलीय. म्हणून एकच मशीन घ्यायचं ठरलंय, हॉट अँड कोल्ड स्प्लिट, म्हणजे हीट पंपच तो.

आता अडचण. दारावर तुळईपर्यंत १७ इंच मोकळे आहेत, दुकानदार म्हणतो तिथं बसतंय आरामात. खिडकीची भिंत बोळाकडं आहे पण खिडकीखालीच आईची कॉट. तिसरी भिंत भावाच्या घराशी सामाईक, तिला हात लावायचा नाही (लावला तर महाभारत). चौथ्या भिंतीला लाकडी फडताळ आणि त्याच्या पलीकडं कोपऱ्यात देव्हारा. आउटडोअरसाठी माणूस येऊन बघून गेला, तो म्हणाला बोळात ब्रॅकेट मारू, नाहीतर जिन्याखालच्या खोलीत आतच ठेवू, दार थोडं उघडं ठेवायचं. मला हे जिन्याखालचं काय पटेना. दीड टन घ्या असंही म्हणतोय. कुणी इतक्या अडचणीच्या जागेत बसवलाय का?

गोडोलीकर

दादा राग मानू नका पण साताऱ्यात थंडी असते किती, दोन-अडीच महिने. ऑइलचा हीटर आणा, चाकं असतात त्याला, आईंच्या पायाशी सरकवा, भिंत फोडायला नको, भावाशी भांडण नको, बोळ नको. आमच्यात हेच चाललंय चार वर्षं. उन्हाळ्याला कूलर.

तासगावचा_गारवा

@गोडोलीकर कूलर ८ बाय ९ च्या बंद खोलीत? दमटपणानं त्या बाईंचे सांधे अजून धरतील राव.

मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मशीन बघतो, घरगुती एसी माझा विषय नाही, पण जिन्याखाली आउटडोअर ठेवायचं ज्यानं सुचवलंय त्याला परत घरात घेऊ नका. आउटडोअर हे काय सामान नाही ठेवून द्यायचं. उन्हाळ्यात ते खोलीतली गरमी बाहेरच्या हवेत टाकतंय आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली गरमी ओढून आत देतंय, दोन्ही वेळेला त्याला नवी हवा लागते, भरपूर, सतत. जिन्याखाली कोंडलं की तीच हवा फिरून फिरून येणार. मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटांत प्रेशर वाढून ट्रिप, आणि हिवाळ्यात जिन्याखालची खोली फ्रीज होईल, तिथं तुमचे कांदे-बटाटे छान राहतील, आई नाही. आमच्याकडंसुद्धा कंडेन्सर (म्हणजे गरमी बाहेर टाकणारा भाग, तुमच्या आउटडोअरसारखाच) शेडमध्ये दाटीवाटीनं लावलेले बघितलेत, मशीन नवं कोरं आणि मालक म्हणतो थंडच होत नाही.

फ्लेअरनट (मिरज)

एसी फिटिंगच करतो, त्यामुळं सविस्तर लिहितो, वाचा निवांत.

आधी दारावरच्या जागेचं. एक टनाचं इनडोअर उंचीला साधारण १२ इंच, लांबीला ८० सेंटीमीटरच्या आसपास. १७ मधून १२ गेले, राहिले ५. ते सगळे वरच सोडले तरी बहुतेक मॅन्युअलमध्ये वर १५ सेंटीमीटर म्हणजे ६ इंच मागतात, काहींना कमी चालतं, तुमच्या मॉडेलचं कागदावर बघा. आता हे ६ इंच कशासाठी, तर इनडोअर हवा वरून ओढतं आणि खालून सोडतं. वर तुळई आली की श्वास अडकला. हीटिंगला तर डबल त्रास, गरम हवा मुळातच वर जाऊन छताखाली साचते, मशीन तीच परत ओढतं, त्याच्या सेन्सरला वाटतं खोली गरम झाली आणि ते बंद होतं. रिमोटवर २६ दिसतंय आणि कॉटवर आईचे पाय गारठलेले. गिऱ्हाईक म्हणतं गॅस कमी आहे, अहो गॅस नाही, जागा चुकलीय. शिवाय दार आतल्या बाजूला, म्हणजे ड्रेनचा पाइप माजघरातनं फिरवत न्यायचा, मीटरला एक सेंटीमीटर तरी उतार पाहिजे, तो मिळणार कुठं? पाणी उलटं येऊन दारातच टपकणार.

कॉटवरची भिंत तर नकोच. संधिवाताच्या माणसाच्या डोक्यावर झोत नको, आणि उद्या ड्रेन तुंबला तर पाणी अंथरुणात.

माझं म्हणणं फडताळ हलवा. चौथी भिंतच बरोबर. इनडोअरची लांबी अधिक दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर धरली तर साडेतीन-पावणेचार फूट लागतील, तेवढं मिळतंय तुमच्याकडं. आणि पार छताला चिकटवायची गरज नाही, जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर तळ येऊ द्या, हीटिंगला खाली असलेलं चांगलंच, पट्ट्या खाली करून झोत पायाच्या बाजूला. होल खिडकीच्या भिंतीतनं, बाहेरच्या बाजूला जरा उतरतं.

दीड टन कशाला, ७२ स्क्वेअर फुटाला? एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट गार करायची ताकद (वीज नव्हे), तेच जास्त आहे तुम्हाला. दीड टन लगेच खोली गार करणार, बंद पडणार, परत चालू, हवेतला दमटपणा तसाच. मिळालं तर एक टन किंवा त्याखालचं इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणं कमी-जास्त वेगानं चालणारं, घ्या. हॉट-कोल्डमध्ये लहान मॉडेल शोधायला लागतं, दुकानदार शोधत नाही, त्याच्याकडं उभं असलेलंच विकतो. आणि स्टार बघून हुरळू नका, आपल्याकडचं ते रेटिंग कूलिंगवर काढतात. हीटिंगची कपॅसिटी आणि त्याला लागणारे वॅट वेगळे छापलेले असतात, ते बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्या सांगलीत आउटडोअर खाली ठेवायचा विषयच संपलाय, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागात तळमजल्यावरची मशीनं आठवडाभर पाण्यात होती, आमचं पण. त्यानंतर गच्चीवरच. तुम्हाला साताऱ्यात पुराचं भय नाही, पण वर ठेवायचा फायदा आहेच की, हवा मोकळी मिळते.

बाकी बोळाचं सांगतो, शेजारी कोण आहे समोर? त्यांची खिडकी असेल तर मे महिन्यात तुमची गरम हवा त्यांच्या स्वयंपाकघरात. आमच्या गल्लीत यावरनं बोलणं बंद आहे दोन घरांचं, एसी बंद पडला तरी बोलणं चालू झालेलं नाही.

बोळकरी

सगळ्यांचे आभार. समोर चुलत्यांची मोरी आहे, खिडकी नाही, भिंतच. म्हणजे त्रास कुणाला नाही. मग बोळ चालेल का? जिन्याखालचं रद्द.

अजून एक, नवीन मशीनमध्ये आर ३२ गॅस असतो आणि तो पेटतो म्हणतात. आईचा देव्हारा त्याच खोलीत, सकाळ-संध्याकाळ निरंजन. खोली एवढीशी. भीती वाटते.

@गोडोलीकर दादा हीटरचा विचार केला होता, पण उन्हाळ्याला एसी घ्यायचाच आहे, मग नुसता थंड घेऊन वर हीटर घेण्यापेक्षा हे एकात.

फ्लेअरनट (मिरज)

समोर भिंत हाच तर त्रास आहे दादा. बोळ अडीच फूट म्हणजे ७५ सेंटीमीटर. आउटडोअरची जाडी ३० धरा, मागं भिंतीपासून १५ सोडले, पुढं राहिले ३०. पंखा ती हवा समोरच्या भिंतीवर आपटणार आणि तीच परत मागनं आत जाणार. उन्हाळ्यात काय होतं ते तासगावच्या भाऊंनी सांगितलंच. हिवाळ्याचं गंमतशीर आहे, बाहेर समजा १२ डिग्री आहे, मोकळ्यावर ठेवलं तर त्याच्या कॉइलवर बर्फ धरायचं तसं कारण नाही. पण बोळात ते स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढतं, ती १२ ची ७ होते, ५ होते, कॉइल शून्याखाली जाते आणि बर्फ. मग मशीन डीफ्रॉस्टला जातं, म्हणजे थोडा वेळ उलटं चालतं, आत गरम हवा बंद. दर तासाला हे व्हायला लागलं की झालं. म्हणजे सातारची थंडी काही करणार नाही, तुमचा बोळ महाबळेश्वर करून ठेवेल. आणि हीटिंगला पाणी आउटडोअरमधनं गळतं हे कुणी सांगत नाही, खाली जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतंय, त्याला खाली वेगळी नळी जोडायला लागते.

मागं पुढं कुठं आभाळ दिसतंय का? न्हाणी, पत्रा, काहीही? पाइप सहा-सात मीटर गेला तर काही बिघडत नाही, ठराविक लांबीच्या पुढं दर मीटरला १५-२० ग्रॅम गॅस वाढवायला लागतो, किती ते मशीनच्या कागदावर असतं. उलट फार आखूड पाइप पण नको, तीन मीटर तरी ठेवा, नाहीतर आवाज आणि थरथर आत येते.

आर ३२ चं: पेटतो पण सहज नाही. एक घनमीटर हवेत ३०० ग्रॅमच्या वर मिसळला तर पेटायच्या लायक होतो. तुमची खोली साधारण १८ घनमीटर, एक टनाच्या मशीनमध्ये गॅस समजा ६०० ग्रॅम, सगळाच्या सगळा आत गळला आणि सारखा पसरला तरी घनमीटरला ३३ ग्रॅम. पण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, आणि पेटला तर धूर विषारी, त्यामुळं निष्काळजीपणा नको. जॉइंट खोलीच्या आत शक्यतो ठेवू नका, मशीनला लागून आलेली नळी होलमधनं बाहेर काढून फ्लेअर, म्हणजे नळीचं तोंड पसरवून नटनं आवळायचा जोड, बाहेर मारायचा. चौथ्या भिंतीवरनं ते होतंय, दारावरनं झालं नसतं. निरंजन राहू द्या, फक्त मशीन बसवायच्या आणि गॅस काढायच्या दिवशी नको.

तासगावचा_गारवा

गॅस बरोबर सांगितला. मी एकच भर घालतो, व्हॅक्युम, म्हणजे गॅस सोडायच्या आधी पाइपातली हवा आणि ओल पंपानं ओढून काढणं. फिटिंगवाले घाईत असले की थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून देतात, फुस्स करून, झालं म्हणतात. आर ३२ ला हे अजिबात चालवून घेऊ नका, पंप लावून वीस-पंचवीस मिनिटं ओढायला लावा, मग पंप बंद करून गेज दहा मिनिटं जागेवर राहतोय का बघा. काटा परतला तर गळती किंवा ओल आहे आत. पंप आणला नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

कृष्णाकाठ (सांगली)

दगडमातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही हा माझा अनुभव. आमच्या जुन्या घरात इनडोअर आठ-दहा किलोचं, चार फास्टनर मारले, पहिल्या पावसाळ्यानंतर प्लेट एका बाजूनं झुकली आणि पाणी भिंतीवरनं खाली, रंग गेला तो गेलाच. मग सुतारानं जाड प्लायची फळी आधी भिंतीला दहा-बारा ठिकाणी धरली, दोन बोल्ट आरपार काढले आणि फळीवर प्लेट. तेव्हापासून हललं नाही. होल पण कोअर मशीननं सरळ जात नाही, मध्ये दगड येतो, ढासळतं. पीव्हीसीचा पाइप स्लीव्ह म्हणून घाला नाहीतर उंदीर, मुंग्या सगळं आत.

गोडोलीकर

बरं बाबा हरलो. पण बिलाचं सांगा की कुणीतरी, माझा हीटर २००० वॅटचा आहे.

फ्लेअरनट (मिरज)

दादा हीटर एक युनिट खाऊन एक युनिटाचीच गरमी देतो, तो तरी काय करणार. हीट पंप गरमी तयार करत नाही, बाहेरची आत आणतो, म्हणून एक युनिटात साधारण तीन युनिटाची गरमी. ह्यांच्या खोलीला समजा रात्रभर आठ तास सरासरी एक किलोवॅट गरमी लागली, तर हीटरला ८ युनिट, ह्याला पावणेतीनच्या आसपास. अर्थात आउटडोअर बोळात कोंबलं तर हे गणित विसरा. आणि @बोळकरी, वायर जुनी असेल तर बोर्डापासून वेगळी २.५ एमएम ची लाइन ओढा, स्वतःचा एमसीबी, अर्थिंग तपासून. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तेव्हा दाराखाली फट राहू द्या. शेगडी बंद केली ते फार बरं केलंत, बंद खोलीत कोळशाचा वायू झोपेतच माणूस नेतो.

बोळकरी

मागं न्हाणीच्या स्लॅबवर जागा आहे की! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, तिथं जुनी सिंटेक्स पडलीय फुटकी. टेप लावून बघितलं, खिडकीच्या होलपासून पाइप साडेसहा मीटर होईल, तीन बाजू मोकळ्या, शिडी लावून सर्व्हिसिंगला माणूस चढू शकतो. पाइप बोळाच्या भिंतीवरनं जाईल तेवढं चुलत्यांना विचारायला लागेल.

फडताळाचं आईला सांगितलं. ती म्हणाली फडताळ ने कुठं न्यायचं तिथं, पण वारा निरंजनावर येता कामा नये.

फ्लेअरनट (मिरज)

देव्हाऱ्याच्या बाजूच्या उभ्या पट्ट्या हातानं कॉटकडं वळवून ठेवायच्या, आतच असतात त्या आडव्या पट्टीच्या मागं. मशीन बंद असताना वळवा. नाहीच जमलं तर आरतीपुरतं रिमोट दाबा.

बोळकरी

ठीक. उद्या सिंटेक्स उतरवतो आणि चुलत्यांकडं जातो. सुतार मंगळवार पेठेच्या जवळपासचा कुणी माहितीत असेल, जुन्या भिंतीचं काम केलेला, तर सांगा.