भर पावसात रानफुलं बघायला गेला होतात? लिहा अनुभव

सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, हौशी गटांच्या वनस्पती-फेऱ्या पुन्हा सुरू झाल्यात. आमचीही परवा झाली. धुकं, वरून संततधार, तरी माणसं आली. नुसती फुलांची यादी नको, जवळून काय पाहिलंत ते सांगा. दुर्मीळ झाडाची नेमकी जागा मात्र लिहू नका. सुरुवात मीच करते.

जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम, त्यामुळे पाणी मुरायच्या ऐवजी साचतं. अशाच एका डबक्याच्या काठाला सीतेची आसवं फुलली होती. सोबतच्या ताई म्हणाल्या, "एवढुसं फूल, यात बघायचं काय?" त्यांना उकिडवं बसवलं आणि हातात दसपट भिंग दिलं. फूल नाजूक खरं, पण झाडाचा खरा उद्योग खाली ओल्या मातीत चालतो. तिथे धाग्यांना बारीक बारीक पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी उपसून टाकते. दाराशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला, की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास! सड्याच्या मातीत नत्र कमी, म्हणून ही तजवीज. थोडं पुढे दवबिंदू दिसला, चिकट पानांवर किडे पकडणारं झाड. पाऊस ओसरल्यावर त्याच्या पानाला गवताची काडी टेकवून बघा. पाण्याचा थेंब काडीवर पसरतो, याचा थेंब चिकट तार काढत येतो. आमची फेरी तिथेच अडकली. ठरलेल्या वाटेच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नाही.

*

चष्मेवाल्यांच्या वतीने दोन शब्द. रेनकोटच्या टोपीखाली पुढे झाप असलेली साधी कॅप घाला, काचा बऱ्यापैकी कोरड्या राहतात. ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नाही आणि बॉलपेन दमट कागदावर रुसतं. शिसपेन्सिल न्या. छत्री अजिबात नको, सड्यावरचा वारा ती उलटी करून हातात देतो.

*

आमच्याकडे वाद रंगला होता एका गवतासारख्या रोपावरून. फूल नव्हतं, त्यामुळे जाणकार मंडळीही 'बहुतेक', 'असावं' यावर आलेली. तेवढ्यात भाजीची पाटी घेऊन खालच्या वाडीतल्या मावशी आल्या. पानाच्या बुडाकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "फोडशी की हो ती! फूल येईपर्यंत थांबलात तर जून होईल." पुढे वाटेत फुललेली फोडशी दिसली, सहा पांढऱ्या पाकळ्यांची. पानं तीच. माझं मत विचाराल तर प्रत्येक फेरीत गावातलं एक माणूस हवंच, आणि मानधन देऊन.

*

मला लिहायचंय ते जरा कडू आहे. कंदीलपुष्प दिसलं. पाकळ्यांची टोकं वर जुळलेली, खाली अरुंद नळी. बारीक माश्या त्यात उतरतात. नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले, म्हणून परत वर येता येत नाही. पुढे ते केस सुकतात आणि माशी परागकण घेऊन सुटते. हे सगळं समजावून सांगेपर्यंत मागून दुसरा एक गट आला. फोटोसाठी रांग लागली, कुणी गुडघे टेकले, कुणी चक्क आडवं झालं. ते निघून गेले तेव्हा भोवतीचं गवत, त्यातली तेरड्याची कोवळी रोपंसुद्धा, चिखलात लोळत होती. आता आम्ही एका वेळी एकच फोटोवाला सोडतो, तोही आधीच्या पावलांवर पाय ठेवून. नोंद आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना ठिकाण झाकून टाकतो.

*

एवढी भिजायची हौस कशाला? सप्टेंबरात जा. तेरडा, सोनकी, कवला, गेंद, सगळं एकदम. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आधी नोंदणी करा आणि निवांत बघा.

*

वरच्यांना: गालिचा बघायचा तर सप्टेंबरच, मान्य. पण रानहळद, दोन पानं जमिनीला चिकटवून बसणारी पांढरी आमरी (ऑर्किड), सापकांदा ही मंडळी तोवर आवरतं घेतात. सापकांद्याची तर गंमत अशी, की कंद बारीक असला तर नर फुलं येतात आणि पोसला की पुढे कधीतरी त्याच कंदाला मादी फुलं. फण्यासारखं आवरण हळूच बाजूला करून आत डोकावलं तर कळतं. जुलैतच या. आणि हो, झाडीतल्या वाटेने येणार असाल तर मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा, जळवा यंदा जोरात आहेत.