शिंपले 'वेचणे' की 'काढणे'?

कोरापाटी: घानातल्या व्होल्टा नदीवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. नदीतले शिंपले काढून पोट भरणाऱ्या बायका हा विषय. मी 'शिंपले वेचणाऱ्या' लिहिलं, संपादकांनी 'शिंपल्यांची कापणी करणाऱ्या' केलं. काय ठेवू?

खाजणवाली: कापणी विळ्याने होते. आमच्याकडे तिसऱ्या, मुळे या जातींचे शिंपले काढतात. कालवं खडकाला चिकटलेली, म्हणून ती फोडतात. वेचायचे ते वाळूवर पडलेले रिकामे शिंपले, पोरांनी.

पोथीनिष्ठ: 'मृदुकाय-संकलन' म्हणा. छापील लेखात बोली घुसवायची हौस कशाला?

नाममात्र: संकलन निबंधांचं करतात हो! इथे बुडी मारायची, तळाची वाळू हातांनी चाचपायची, शिंपले होडीत टाकायचे, मग मांस सोडवून बाजार गाठायचा. 'वेचणे' म्हटलं की हे सगळं फावल्या वेळचं वाटतं.

कोरापाटी: पुढे अजून आहे. बारके शिंपले त्या विकत नाहीत. तळाशी प्रत्येकीची जागा ठरलेली, तिथे ते सोडतात आणि मोठे झाले की काढतात. टरफलांचा चुना होतो, ती कोंबड्यांच्या खाद्यातही जातात. मग कापणी अगदीच चूक आहे का?

नाममात्र: ही झाली लावणी. पण म्हणून पुढे कापणीच कशाला? भुईमूग, हळद, बटाटा यांची 'काढणी'च होते. शब्द तयार आहे, घ्या.

खाजणवाली: काढणी, बरोब्बर! पण हे नक्की गोड्या पाण्यातलेच ना? तिसऱ्या खाडीतल्या असतात.

कोरापाटी: गोड्याच पाण्यातले, पण प्रजननाला किंचित खारेपणा लागतो. १९६५ साली अकोसोंबो धरण झालं, खारं पाणी पूर्वीइतकं आत येईना आणि शिंपले मुखाकडे सरकले. आता पुरुषही कॉम्प्रेसरच्या नळीने हवा घेत बुड्या मारतात. म्हणजे शीर्षकातलं 'बायका'सुद्धा अडचणीत.

पोथीनिष्ठ: मुळात 'शिंपला' हा शब्द 'शिंपणे'वरून आला. पाण्याशी संबंध उघड आहे.

नाममात्र: काहीही. प्राकृतात 'सिप्पी' आहे.

पोथीनिष्ठ: मग कपडे शिवणारा शिंपीही तिथलाच म्हणायचा?

नाममात्र: तो 'शिल्पी'वरून. प्राकृतात रूप सारखं झालं, म्हणून सोयरीक होत नाही.

खाजणवाली: आमच्या आजीच्या मते शिंपी लोक शिंपल्यांची बटणं लावायचे, म्हणून शिंपी.

पोथीनिष्ठ: आजी परवडली, पण नाममात्र नको.

कोरापाटी: अहो, शीर्षक उद्या द्यायचंय.

नाममात्र: थांबा हो, आधी बटणांचं बघू.