मदत हवी आहे: कोलकाता डर्बी + बाजारहाट, आणि तिकीट नेमकं दुसऱ्यांच्या ब्लॉकातलं

पेठेतला_पाहुणा

भावांनो जरा मदत पाहिजे. मी आणि मिसेस कोलकात्याला निघालोय, शुक्रवारी रात्री पुण्याहून विमान, सोमवारी दुपारी परत. रविवारी संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमला डर्बी, म्हणजे तिथल्या दोन जुन्या फुटबॉल क्लबांची मॅच, मोहन बागान - ईस्ट बंगाल. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉलचं काय सांगायचं नको, सीझन लागला की आपण शाहू स्टेडियमवरच, घरी जेवायला आलो तरी डोक्यात गोलच. पण डर्बी आजवर मोबाईलवर बघितली, जागेवर जाऊन नाही.

आता घोळ असा हाय की मी पक्का ईस्ट बंगालवाला. 1997 ची फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियानं बागानला तीन गोल घातले, 4-1, स्टेडियमात 1 लाख 31 हजार माणूस, तिथनं ते डोक्यात बसलंय ते बसलंयच. आणि तिकिटं काढली कुणी तर ऑफिसातल्या बंगाली मित्रानं, प्रेमानं, पैसे पण घेईना, आणि तो निघाला कट्टर बागानवाला, त्यामुळं दोन्ही सीटा बागानच्या ब्लॉकात. बदलून दे म्हणायला तोंड होईना. तर प्रश्न एक, तिथं बसावं का, बसलं तर वागायचं कसं.

प्रश्न दोन, मिसेसनं आधीच सांगून ठेवलंय की मॅचला येते पण शनिवार माझा. म्हणजे साड्या. मला पण मैदान मार्केटात जायचंय, तालमीच्या फुटबॉल टीमच्या पोरांनी यादी दिलीय, गोलकीपरचे ग्लोव्हज, शिनगार्ड, जर्स्या. शिवाय कॉलेज स्ट्रीटला जुनी खेळाची मासिकं मिळतात म्हणं, आणि क्लबांचे ते मैदानातले तंबू, म्हणजे त्यांची ऑफिसं, लांबनं तरी बघायचेतच. एवढं सगळं दोन दिवसात बसतंय का, राहायचं कुठं, आणि रविवारी काय बंद असतंय ते कुणीतरी गेलेल्यानं सांगा. गुगलवर सगळे व्हिक्टोरिया मेमोरियलचे फोटोच टाकत्यात.

गंगावेस_कट्टा

विमान कशाला भावा, आपली महाराष्ट्र एक्सप्रेस हाय की. कोल्हापुरात बसायचं, गोंदियाला उतरायचं, तिथनं हावड्याची गाडी धरायची. पोचेपर्यंत मॅच संपून दोन्ही टीमा घरी गेलेल्या असतील, मग ब्लॉकचं टेन्शनच नाही.

हावडा_ते_हातकणंगले

नोकरीसाठी काही वर्षं तिथं होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब होईल, वाचा.

राहायचं एस्प्लनेडच्या आसपास, दुसरीकडं नको. ब्लू लाईन आणि ग्रीन लाईन दोन्ही मेट्रो तिथं मिळतात. ऑगस्ट 2025 ला एस्प्लनेड ते सियालदह हा राहिलेला तुकडा चालू झाल्यापासून ग्रीन लाईन हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह सलग झालीय आणि तिच्यावरच सॉल्ट लेक स्टेडियम नावाचं स्टेशन हाय, उतरलास की स्टेडियम समोर. पूर्वी मॅचच्या दिवशी बसला लोंबकळत जायला लागायचं, आता बारा भानगडी वाचल्या. शुक्रवारी रात्री उशिरा उतरणार तेव्हा टॅक्सीच कर, पण सोमवारी परतताना एस्प्लनेडवरनं ब्लू लाईननं नोआपाडा, तिथं गाडी बदलून यलो लाईननं थेट विमानतळ.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती ही की तिथं दिवस आपल्याआधी उगवतो आणि आपल्याआधी मावळतो. थंडीत पाच-सव्वापाचला सूर्य गेला म्हणून समज, आपल्याकडं तेव्हा रंकाळ्यावर चक्कर मारायला माणसं घरातनं निघत असतात. तेव्हा कोल्हापूरच्या टायमानं नऊ वाजता नाष्टा करून फिरायला निघालास तर अर्धा दिवस गेला. सकाळ वापरायची.

रविवारी पहाटे मल्लिक घाट. हावडा ब्रिजच्या खाली, कोलकात्याच्या बाजूला, फुलांचा बाजार. आपल्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग बघतो तसलं तिथं रोजचंच. केशरी-पिवळ्या झेंडूच्या माळांची वेटोळी करून भारेच्या भारे हमालांच्या डोक्यावर, माणूस दिसतच नाही, खाली नुसते दोन पाय चालताना दिसतात. त्यांना रस्ता द्यायचा, ते थांबत नाहीत. खाली कायम चिखल आणि तुडवलेल्या पाकळ्या, त्यामुळं वहिनींना चांगली चप्पल घालू नका म्हणावं, कोल्हापुरी तर अजिबात नको, कातडं भिजून वाया जाईल. बाजार बघून झाला की पुलावर चढून परत वरनं बघायचा. रविवारी मेट्रो सकाळी उशिरा सुरू होते, नऊच्या सुमारास, म्हणून जाताना टॅक्सी.

तिथनं टिरेटा बाजार. जुन्या चायना टाऊनचा रविवार सकाळचा नाष्टा, फुटपाथवर वाफाळलेले बाव (सारण भरलेले पाव) आणि मोमो, फिशबॉल सूप. उशीर केला तर भांडी घासताना दिसतील. डुक्कर चालत नसेल तर विचारून घ्यायचं, बिनधास्त विचारा, त्यांना सवय हाय.

पेठेतला_पाहुणा

जबरदस्त. मल्लिक घाट फिक्स. पण भावा माझं मैदान मार्केट कुठं बसवू? आणि मिसेस विचारतेय न्यू मार्केट चांगलं का गडियाहाट.

उद्यमनगर_वैनी

वहिनींना सांगा गडियाहाट. आम्ही गेलो होतो तेव्हा न्यू मार्केटला नुसती गर्दी आणि मागं लागणारी माणसं, हमाल टोपली घेऊन दुकानापर्यंत पाठ सोडत नाही. तरी वास्तू बघण्यासारखी हाय, 1874 ची, लाल विटांची, आणि आत नाहूम म्हणून ज्यू लोकांची जुनी बेकरी आहे 1902 पासूनची, तिथला फ्रूट केक घ्या, तेवढं करून बाहेर पडा.

साड्या गडियाहाटलाच. तिथं दोन प्रकार, फुटपाथवर हॉकर्स आणि मागं मोठी दुकानं. फुटपाथवर तांत, म्हणजे रोजच्या वापरातल्या कॉटनच्या साड्या, कानातली, ज्यूटच्या पिशव्या, आणि तिथं घासाघीस करायचीच, आपल्या महाद्वार रोडवर करतो तशीच, लाजायचं नाही. पण जामदानी किंवा बालुचरी अशी भारी विणकामाची साडी घ्यायची असेल तर फुटपाथवर नको हां, ढाकुरियाला दक्षिणापण म्हणून कॉम्प्लेक्स आहे, सरकारी हातमागाची दुकानं, भाव फिक्स, जवळच आहे गडियाहाटपासून. बालुचरीचा पदर उघडून बघायचा, त्यावर गोष्टी विणलेल्या असतात, घोडे, हुक्का ओढणारे नवाब, रथ. दुकानदार अख्खी साडी उलगडून दाखवतो, दाखवू दे, घाई करायची नाही. आणि भाऊ तुम्ही तेवढा वेळ मोबाईल बघत दारात उभं राहायचं नाही, सगळ्यात आधी तेच नवरे चिडचिड करतात.

जायचं कसं तर कालीघाट मेट्रोला उतरून तिथनं रिक्षा. तिथल्या रिक्षा म्हणजे आपलं वडाप बघा, रूट ठरलेला, चार माणसं भरली की निघणार, आपल्या दारात सोड म्हटलं तर हसतील.

हावडा_ते_हातकणंगले

बरोबर सांगितलंय वैनींनी. मग शनिवार असा कर, सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी न्यू मार्केटात, तू मैदान मार्केटात, दोन्ही एस्प्लनेडलाच चालत अंतरावर. मैदान मार्केट म्हणजे चिंचोळ्या बोळात खेळाच्या दुकानांची रांग, वरनं बूट लोंबतात, डोकं वाकवून चालायचं. दहा-बारा नग घेणार असलास तर एका दुकानात घे, भाव पडतो. ग्लोव्हजचा तळवा दाबून बघ, फोम चिकट नसेल तर बॉल निसटतोय, पोरं शिव्या देतील. मग जेवून तिघे, म्हणजे तू, वहिनी आणि पोतं, हॉटेलवर पोतं टाकून गडियाहाट. संध्याकाळ अख्खी वहिनींची.

क्लबचे तंबू रविवारी. टिरेटावरनं टॅक्सीनं मैदानाकडं या, ईडन गार्डनच्या आजूबाजूलाच तिन्ही क्लब, मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन. बाहेरनं बघून फोटो काढायचे.

कॉलेज स्ट्रीट सोडून दे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि शनिवारी घुसवलास तर सगळ्याचाच चिवडा होईल.

राजारामपुरी_नववी_गल्ली

कॉलेज स्ट्रीट सोडून दे कसं काय म्हणता. व्हिक्टोरिया सोडा की. एवढं लांब जाऊन पांढऱ्या दगडाची इमारत काय बघायची. सोमवारी तर आतली दालनं बंद असतात आणि इंडियन म्युझियम पण बंद, मग सोमवारी सकाळी बॅगा भरून दोन तास कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाऊसात एक कॉफी, महात्मा गांधी रोड मेट्रो तिथनं जवळ, तिथनंच विमानतळाकडं. विमान तीननंतरचं असेल तर आरामात.

पेठेतला_पाहुणा

विमान साडेचारचं. बघतो. पण मूळ मुद्द्यावर कुणी बोलेना, बागानच्या ब्लॉकात मी काय करू??

दुधाळी_डिफेंडर

मी बसलोय तसा, सांगतो. मित्रानं तिकीट दिलंय ना, मग गुमान बस. दुसऱ्या पेठेच्या पोरांत बसून मॅच बघितली नाहीस काय कधी? तसंच. साधा करडा नाहीतर पांढरा शर्ट घाल, लाल-पिवळं, म्हणजे ईस्ट बंगालचे रंग, अंगावर काहीच नको, टोपी नको, रुमाल पण नको. बागानचा हिरवा-मरून घालून खोटं पण वागू नको, ते वाईट दिसतंय. ईस्ट बंगालचा गोल झाला तर हात मांडीखाली घालून बस. बागानचा झाला तर शेजारचा मिठी मारणार, मारू दे.

तिथं शेजारी म्हातारा असला तर तो 1911 सांगणारच. आयएफए शील्डची फायनल, बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या टीमला 2-1 हरवलं, बागानच्या अकरा जणातले दहा अनवाणी. मान हलवायची, ते खरंच मोठं होतं, त्यात आपलं काय जात नाही. आणि तू ईस्ट बंगालवाला का असं कुणी सरळ विचारलं तर सांग कोल्हापूरचा, फुटबॉल बघायला आलोय. खोटं पण नाही आणि भांडण पण नाही. तुझ्या टीमचे बहुतेक जुने समर्थक फाळणीत पूर्व बंगालमधनं आलेल्या घरांतले, 1920 च्या क्लबला ते घर समजून चिकटले, त्यामुळं हे नुसतं खेळाचं नसतंय, डोक्यात ठेव. 1980 साली ईडनवर याच मॅचला दंगल होऊन 16 माणसं गेली. आता तसलं वातावरण नाही, बायकापोरं येतात, पण उगाच पेठेतली खुमखुमी दाखवू नको.

बाकी पाण्याची बाटली, लायटर, मोठी बॅग आत सोडत नाहीत. ऑनलाइन तिकीट असेल तर खिडकीवर कागदी करून घ्यायला लागतंय का ते मित्राला आधीच विचार, आयत्या वेळी रांगेत उभं राहिलास तर पहिला गोल हुकेल. दोन तास आधी पोच. सुटल्यावर मेट्रोत लगेच घुसायचं नाही, अर्धा तास चहा पी.

रात्री जेवायला काय मागवायचं ते निकालावर. बागान जिंकलं तर चिंगडी म्हणजे कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं तर इलिश म्हणजे हिलसा मासा, मित्राच्या पैशानं.

पेठेतला_पाहुणा

हे पटलं. मित्राला फोन केला, तिकीट कागदी करून तोच देणार हाय, आणि तू कुणाचा असं त्यानं विचारलंच नाही अजून, बरंय.

शेवटचा प्रश्न मिसेसचा. शनिवारी गडियाहाटला जी साडी घेईल ती रविवारी मॅचला नेसायची म्हणतेय आणि पिवळ्या तांतवर लाल काठ असलेली पाहिजे असं आत्ताच ठरवून बसलीय. कसं समजवू?

उद्यमनगर_वैनी

समजवायला जाऊ नका. पांढरी लाल काठाची घ्या म्हणावं, तिकडं ती कुठल्याही घरात चालते. पिवळी पण घेऊन ठेवा, ती आपल्याकडं हळदीकुंकवाला होईल.

गंगावेस_कट्टा

म्हणजे दोन साड्या. डर्बी वैनींनीच जिंकली.