मदत हवी आहे: कुक यांच्या मूळ पेपरमध्ये सॅटऐवजी टॉटॉलॉजी का?

नमस्कार मंडळी,

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते. पुढच्या आठवड्यात कुक-लेव्हिन प्रमेय घ्यायचं आहे: एनपीतला (उत्तर ‘हो’ असेल तर त्याचा पुरावा झटपट तपासता येतो, अशा प्रश्नांच्या वर्गातला) कुठलाही प्रश्न सॅटमध्ये, म्हणजे ‘हे तर्कसूत्र व्हेरिएबलना काही किमती देऊन खरं करता येतं का’ या प्रश्नात, बदलता येतो. दरवर्षी पाठ्यपुस्तकावरूनच शिकवते, यंदा म्हटलं स्टीफन कुक यांचा १९७१चा मूळ पेपर आधी वाचून काढू. पहिल्याच प्रमेयाला अडकले.

पुस्तकातली सिद्धता येते. चौकटीच्या वहीत तक्ता आखते: एक ओळ म्हणजे ट्युरिंग मशीनची (टेपवर चिन्हं वाचत-लिहीत चालणाऱ्या काल्पनिक संगणकाची) एक पायरी, एक रकाना म्हणजे टेपवरचं एक घर. पायऱ्या पॉलिनोमिअल (इनपुटच्या लांबीच्या एखाद्या ठरावीक घातापुरत्या), म्हणून अख्खा तक्ताही पॉलिनोमिअल. कुठल्या घरात कुठलं चिन्ह, यासाठी एकेक व्हेरिएबल. वरच्या ओळीतून खालची नियमाने येते ना, हे दोन ओळी-तीन रकान्यांची खिडकी सरकवत तपासायचं. साऱ्या अटी ‘आणि’ने जोडल्या की सूत्र तयार, आणि मशीन इनपुट स्वीकारत असेल तरच ते खरं करता येतं. म्हणजेच सॅट.

पण कुक यांच्या प्रमेय १ मध्ये सॅट नाहीच! नॉनडिटरमिनिस्टिक मशीन (पायरीगणिक अनेक पर्याय असू शकणारं) पॉलिनोमिअल वेळात जे स्वीकारतं ते डीएनएफ टॉटॉलॉजीकडे रिड्यूस होतं, म्हणजे त्या प्रश्नाच्या मदतीने झटपट सोडवता येतं, असं आहे. टॉटॉलॉजी म्हणजे कायम खरं असणारं सूत्र, आणि डीएनएफ म्हणजे ‘आणि’चे गट ‘किंवा’ने जोडलेलं. टॉटॉलॉजी तर को-एनपीतली (जिथे ‘नाही’ या उत्तराचा पुरावा झटपट तपासता येतो). मग माझं काय निसटतंय?

शिवाय गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “मॅडम, एकच प्रश्न अवघड आहे दाखवलं, त्यात एवढं काय?” मी कार्प यांचे १९७२चे, सॅटइतकेच अवघड दाखवलेले २१ प्रश्न सांगितले, पण कुक यांच्यावर अन्याय झाल्यासारखं वाटत राहिलं. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद

ताई, पुस्तकही बरोबर आणि पेपरही. फरक रिडक्शनच्या जातीत आहे. कुक यांच्या रिडक्शनमध्ये ऑरॅकलला (दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देणाऱ्या काल्पनिक मदतनीसाला) प्रश्न विचारून आलेलं उत्तर उलटवायची मुभा असते. तुमच्या तक्त्याचं सूत्र सीएनएफमध्ये (‘किंवा’चे गट ‘आणि’ने जोडून) घ्या आणि त्याला नकार लावा. डी मॉर्गनच्या नियमाने (नकारात ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, ‘किंवा’चं ‘आणि’) डीएनएफ मिळेल. आता विचारा, ही टॉटॉलॉजी आहे का? ‘नाही’ आलं की मशीन स्वीकारतं.

छोटं करून बघा. ‘प आणि फ’ खरं करता येतं. त्याचा नकार ‘न-प किंवा न-फ’ टॉटॉलॉजी नाही, कारण दोन्ही खरे धरले की तो पडतो. ‘प आणि न-प’ कधीच खरं होत नाही. त्याचा नकार मात्र कायम खरा.

कार्प यांच्या रिडक्शनमध्ये एकदाच रूपांतर, उत्तर उलटवणं नाही. म्हणून तिथे सॅटच लागतं. आणि पुन्हा कुणी तोच प्रश्न विचारला तर प्रमेय २ दाखवाच. टॉटॉलॉजी आणि सबग्राफ (ठिपके-रेषांच्या एका जाळ्यात, म्हणजे ग्राफमध्ये, दुसरा ग्राफ दडलाय का) यांचं एकमेकांकडे रिडक्शन होतं, हे कुक यांनी तिथेच सिद्ध केलंय. तर्कशास्त्रातला प्रश्न आणि ग्राफमधला प्रश्न एकाच तोलाचे! माझ्या मते पेपरचा खरा जीव तिथे आहे. कार्प यांनी ती वाट पुढे रुंद केली.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. दोन व्हेरिएबल घेऊन वहीत करून पाहिलं, जमलं. म्हणजे कुक यांच्या रिडक्शनला सॅट आणि टॉटॉलॉजी यांतला फरक दिसतच नाही, बरोबर ना? तसं असेल तर तक्त्याच्या आधी हेच सांगेन.

प्रतिसाद

अगदी बरोबर. आधी हेच सांगा.