ॲलन वेब खरंच वाया गेला का?

पहाटधाव (धागाकर्ता)

परवा आमच्या पळणाऱ्यांच्या गटात कोल हॉकरचा विषय निघाला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर ३:२७.६५ (मिनिटं:सेकंद) मध्ये जिंकणारा तोच अमेरिकन हॉकर. बोलता बोलता एकजण म्हणाला, "वेबच्या अंगात एवढं होतं, पण फुकट गेला." तेव्हा मी गप्प बसलो, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा काढतोय.

वेब हा अमेरिकेचा मध्यम पल्ल्याचा धावपटू, व्हर्जिनियातल्या रेस्टनचा, साउथ लेक्स हायस्कूलचा मुलगा. आधी पोहायचा, मग पळायला लागला. मे २००१ मध्ये, अजून शाळेतच असताना, तो युजीनला मैलाचा विश्वविक्रमवीर हिशाम अल गरूज पळत होता त्या शर्यतीत उतरला आणि ३:५३.४३ मध्ये मैल पळाला. जिम रायनचा ३:५५.३ हा अमेरिकन शालेय विक्रम १९६५ पासून कुणाला मोडता आला नव्हता.

आता २००७ चा जुलै बघा. ६ तारखेला पॅरिसमध्ये १५०० मीटर ३:३०.५४. २१ तारखेला बेल्जियममध्ये ब्रासखाटला मैल ३:४६.९१, म्हणजे स्टीव्ह स्कॉटचा १९८२ चा अमेरिकन विक्रम गेला. २८ तारखेला ८०० मीटर १:४३.८४. त्याच्या आदल्या वर्षी याच माणसाने १०,००० मीटर २७:३४ मध्ये पळून दाखवलं होतं. दोन लॅपपासून पंचवीस लॅपपर्यंत असा पल्ला असलेले किती धावपटू तुम्हाला आठवतात? त्याचा मैलाचा विक्रम सोळा वर्षं टिकला. हे ज्याने केलं त्याला वाया गेलेला म्हणणं मला पटत नाही, आणि मनापासून वाईटही वाटतं.

वेगळी वाट

असहमत. आकडे सगळे खरे आहेत, पण ते कुठे आले तेही सांगा. ब्रासखाट ही छोट्या गावातली छोटी स्पर्धा. पेसर (ठरलेल्या वेगाने पुढे पळून वेग धरून देणारे) लावलेले, धक्काबुक्की नाही, हीट (प्राथमिक फेरी) नाही, उपांत्य फेरी नाही.

मोठ्या स्पर्धांत काय झालं? २००४, अथेन्स ऑलिंपिक: पहिल्याच फेरीत बाहेर. २००५, हेलसिंकीची जागतिक स्पर्धा: अंतिम फेरीत शेवट बराच लांब असतानाच पुढे गेला आणि नववा आला. २००७, ओसाकाची जागतिक स्पर्धा: आठवा. २००८: निवड चाचणीत पाचवा, म्हणजे बीजिंग ऑलिंपिकचं तिकीटच नाही.

ओसाकाचं तर मला फार लागलं होतं. जूनमध्ये इंडियानापोलिसला राष्ट्रीय स्पर्धेत वेबने बर्नार्ड लगातला हरवलं होतं. ऑगस्टच्या शेवटी त्याच लगातने ओसाकात १५०० मीटरचं जागतिक सुवर्ण नेलं. सगळा दारूगोळा जुलैमध्येच संपवला. कोणत्या दिवशी शिखरावर असायचं हे ठरवणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, नशिबाचा नाही.

याउलट अमेरिकेचाच मॅथ्यू सेंट्रोविट्झ. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ ला १५०० मीटरचं ३:५०.०० मध्ये सुवर्ण. १९३२ नंतरची सर्वांत संथ अंतिम शर्यत! पण त्याने पुढे राहून शर्यत आपल्या मुठीत ठेवली आणि शेवटचे ४०० मीटर साधारण साडेपन्नास सेकंदांत काढले. या अंतरात १९०८ नंतर अमेरिकेला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. १५०० मीटर म्हणजे हे.

पहाटधाव

मग जिम रायनचं काय करायचं? मैलाचा आणि १५०० मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर, पण ऑलिंपिक सुवर्ण नाही. १९६८ ला मेक्सिको सिटीत, २२४० मीटर उंचीवर, केनियाचा किप केनो ३:३४.९ पळाला आणि रायन ३:३७.८. म्युनिकला १९७२ मध्ये तर तो हीटमध्येच धडकून पडला. त्याला कुणी वाया गेलेला म्हणत नाही.

वेगळी वाट

रायनकडे ऑलिंपिक रौप्य आहे. विश्वविक्रम आणि देशाचा विक्रम यांतही अंतर आहे. ही तुलना वेबच्या विरोधातच जाते.

व्हर्जिनियाकर

मी रेस्टनपासून फार लांब राहत नाही आणि माझी मुलगी शाळेच्या संघात पळते, त्यामुळे इथे बाहेरून बघत नाहीये. तुम्ही दोघं शर्यतींवर भांडताय. मला त्याच्या वयाची काळजी वाटते. अठराव्या वर्षी त्या मुलाकडे अख्ख्या देशाचं लक्ष. मिशिगन विद्यापीठात रॉन वॉरहर्स्टकडे एक वर्ष काढलं, मग ते सोडून व्यावसायिक झाला आणि शाळेतल्याच प्रशिक्षकाकडे, स्कॉट रॅझ्कोकडे परतला. २००९ मध्ये अल्बर्टो सालाझार. पुढे जेसन विजिलांते, मग जेरी शूमाकर. प्रत्येकाची पद्धत वेगळी. शरीराला एका पद्धतीची सवय होईपर्यंत दुसरी सुरू.

माझ्या मुलीच्या आधीच्या प्रशिक्षकाने तिला आठवड्यातून तीनदा इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने पळायचे तुकडे) करायला लावले. वेळ सुधारत होती म्हणून आम्हीही खूश होतो. पोरगी नडगी दुखते म्हणत होती, आम्ही मनावर घेतलं नाही. हाडाला चीर गेली तेव्हा डोळे उघडले. पोर लवकर चमकलं की आजूबाजूची मोठी माणसं धीर सोडतात, हे मी स्वतः केलं आहे.

पहाटधाव

मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. आता ती बरी असेल अशी आशा करतो.

पण प्रशिक्षकांची यादी नीट बघितलीत तर एक गोष्ट दिसते. २००४ ची निवड चाचणी जिंकणं, २००७ चा जुलै, हे सगळं रॅझ्कोकडेच झालं. म्हणजे मिशिगन सोडून परत येणं ही चूक नव्हती. चूक झाली असेल तर ती २००९ नंतर.

सातारी मावळा

मी इकडे ग्रामीण भागात पोरांना पळवतो. आपल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे बघा. तोही अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जला, स्कॉट सिमन्सकडे सराव करायचा. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम. बरोबर एका महिन्याने त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. वेगळी वाट, तुमच्या मापाने हासुद्धा चुकीच्या महिन्यात शिखरावर गेला. पण माझ्याकडची पोरं "साबळेसारखं पळायचंय" म्हणत पहाटे पाचला येतात. त्यांना ८:०९ पाठ आहे, अकरावा क्रमांक नाही.

वेगळी वाट

साबळेचा मुद्दा मान्य, तिथे मी अडखळलो. पण साबळेने बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये केनियाच्या खेळाडूंशी भिडून रौप्य मिळवलं होतं. पदकाच्या शर्यतीत उभं राहता येतं हे त्याने एकदा तरी सिद्ध केलं. वेबची तशी एक शर्यत दाखवा.

पहाटधाव

२००७ ची इंडियानापोलिस. शर्यत राष्ट्रीय होती, मान्य. पण पेसर नव्हते, पदकाची झुंज होती आणि दोन महिन्यांनी विश्वविजेता होणारा माणूस मागे होता.

आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या यारेड नुगुसेने ३:४३.९७ पळून वेबचा विक्रम मोडला, तेव्हा पुढे नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन होता आणि पायात आजचे कार्बन प्लेटचे स्पाइक्स (वेग वाढवणारे शर्यतीचे बूट) होते. ब्रासखाटला पेसर बाजूला झाल्यावर वेबच्या पुढे कुणीच नव्हतं.

वेगळी वाट

इंडियानापोलिस मी धरत नाही. तिथे पहिले तिघे जागतिक स्पर्धेला जाणार होते, लगातला तेवढंच पुरेसं होतं. ओसाकाला त्याने काय केलं ते पुन्हा बघा.

व्हर्जिनियाकर

मुलगी बरी आहे, विचारल्याबद्दल आभार. मार्चपासून पुन्हा पळतेय, आठवड्यातून एकच इंटरव्हल. तिला वेबचा २००१ चा मैल दाखवला. तिने विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी तो किती पळला?" २००२ मध्ये तो त्या वेळेच्या खाली आला नव्हता. मी तिला तेच सांगितलं, आणि २००७ पर्यंतचं सगळं.