त्सेल अम झे आणि रमची चव : तुमचे अनुभव लिहा

ऑस्ट्रियातलं त्सेल अम झे आपल्याकडे ओळखीचं आहे ते तळ्याकाठच्या फोटोंमुळे, नाहीतर ग्रोसग्लोकनरच्या घाटामुळे. मला मात्र ते आठवतं रमच्या वासानं. केकात रम, मनुकांत रम, चहात रम! जिथे उसाचं कांडं पिकत नाही तिथे हे खूळ आलं कुठून? तर ऑस्ट्रियाच्या ताब्यात उसाची बेटं कधी नव्हती, म्हणून लोकांनी साध्या स्पिरिटलाच रमचा रंग आणि वास देऊन 'इनलेंडर रम', म्हणजे देशी रम, केली. क्लागेनफुर्टची श्ट्रो ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, १८३२ पासूनची. आता युरोपियन युनियनच्या नियमांमुळे तिच्यातलं मद्य उसाचंच लागतं, पण तो व्हॅनिला-बटरस्कॉचकडे झुकणारा वास कायम आहे. ओल्ड मंकवर वाढलेल्यांना पहिल्या घोटाला ती खोकल्याचं औषध वाटते. केकात शिरली की मत बदलतं.

तिथे किंवा आसपास काय खाल्लं-प्यायलं, लिहा. पिणारे, न पिणारे, सगळ्यांना आमंत्रण.

खादाड_नाशिककर
पुन्शक्राप्फेन! गुलाबी आयसिंगचा चौकोनी ठोकळा. दिसायला बाळबोध. आत रममध्ये मुरवलेला केकचा चुरा, जर्दाळूचा जॅम आणि थोडं चॉकलेट. उरलेल्या केकचं इतकं चांगलं सोनं दुसऱ्या कुणी केलं नसेल. गोड मात्र भयंकर, सोबत बिनसाखरेची काळी कॉफी हवीच. रमकुगेल्न म्हणजे रमचे चॉकलेट-लाडू, तेही बरे असतात, पण पाकिटातले घेऊ नका, कॅफेतले ताजे घ्या.

बर्फाळ_कोल्हापूरकर
यागाटे कुणी प्यायलंय का? काळा चहा, रम, बऱ्याचदा रेड वाइनही, लवंग-दालचिनी, सगळं वाफाळतं. तिथल्या श्मिटनहोहे डोंगरावर दिवसभर स्की करून हातपाय गारठलेले, समोर हा मग. गोडसर लागतं, गरम असतं आणि नावात चहा आहे, त्यामुळे आपला मराठी माणूस बिनदिक्कत दुसरा मागवतो. खुर्चीवरून उठताना कळतं काय प्यायलो ते. आमच्यातल्या एकानं डोंगर उतरताना स्की-लिफ्टमध्ये अनोळखी जर्मन आजोबांना पोवाडा ऐकवला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचाही बहुधा दुसरा मग झाला असावा.

गाडीनं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, ऑस्ट्रियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात अर्धा भाग) आहे. आम्ही रेल्वेनं जातो. स्टेशन तळ्याला अगदी लागून आहे, चिंता नाही.

फक्त_वरणभात
आम्ही घेत नाही, आणि सोबत सासूबाई होत्या. कायझरश्मार्न (तव्यावरच तुकडे केलेला जाड, लुसलुशीत पॅनकेक, वर पिठीसाखर, बाजूला आलूबुखाराचा मुरंबा) बघून त्यांना खायची इच्छा झाली. मनुका पुष्कळ ठिकाणी रममध्ये भिजवतात हे वाचलं होतं, म्हणून विचारलं. वाढणारी बाई आत जाऊन विचारून आली आणि बिनमनुकांचा करून दिला. 'ओने रोझिनेन' एवढं म्हणता आलं तरी पुरतं. अंड्याचं मात्र आधीच सांगा, ते त्यात भरपूर असतं. नाताळच्या बाजारात 'किंडरपुन्श' (मुलांसाठीचं गरम पेय) मागा, त्यात दारू नसते. आणि दुकानातल्या बऱ्याच स्वस्त बिस्किटांत नुसता रमचा इसेन्स असतो, पण पाकीट वाचल्याशिवाय काही धरून चालू नये.

आळशी_बोका
लुमुम्बा. गरम चॉकलेट, रम, वर क्रीम. तळ्याकडे तोंड करून बसा. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

परतीचा_प्रवासी
एक कामाची गोष्ट : श्ट्रो ८० भेट म्हणून भारतात न्यायचा बेत असेल तर सोडा. तिच्यात ८० टक्के अल्कोहोल असतं आणि ७० टक्क्यांच्या वरचं मद्य विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. त्याच कंपनीची ६० टक्केवाली मिळते, ती चेक-इनमध्ये टाका. मी तीच आणली. पिणाऱ्या मित्रांना आवडली नाही, म्हणून स्वयंपाकघरात गेली. मनुका रात्रभर तिच्यात भिजवून चक्क्यात घातल्या. श्रीखंड पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. वडीलधाऱ्यांसाठी केशराचं वेगळं पातेलं होतं, हेही सांगून ठेवतो.